अंजनाबाई आणि मुकी हंडी

अंजनाबाईंना राग आला की त्या भांडी घासतात. घासलेली असली तरी पुन्हा घासतात. घुग्घुसच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांच्या मोरीत गंज, म्हणजे पितळी पातेलं, आदळला की दारावरून गुपचूप निघून जावं. त्या आठवड्यात तर गंज रोजच आदळत होता.

निमित्त झालं ओट्यावरचं विजेचं भांडं. सुनेनं, रिनानं, आणलेलं. आत चिनीमातीची काळी हंडी, वर काचेचं झाकण, नाव स्लो कुकर. सकाळी आठला डाळ, पाणी, कांदा, तिखट-मीठ टाकायचं, बटन दाबायचं आणि कामाला निघून जायचं. संध्याकाळी येईपर्यंत मंद आचेवर सगळं शिजून तयार. रिना कोळशाचे ट्रक तोलायच्या काट्यावर कामाला होती. तीन महिने कच्ची नोकरी झाली, आता येत्या सोमवारी पक्क्या कागदावर सही करायची होती. अंजनाबाईंच्या लेकानं, नागसेननं, बायकोला अट घातली होती: सात वाजता घरात शिजलेलं अन्न पाहिजे, नाही तर सही करायची नाही.

"हे भांडं रांधते ना," रिना म्हणाली होती. "तुमाले फक्त भात लावा लागन, आई."

त्या आठवड्यात सोमवारी बरबटी, म्हणजे चवळी, कच्ची निघाली. मंगळवारी चणे. नागसेननं त्यातला एक ताटात टाकून दाखवला, तर टण्णकन वाजला. बुधवारच्या डाळीत पाणी वर आणि दाणे खाली.

"हे गिळाचं काय?" नागसेननं ताट सरकवलं. "सोड तो काटा. झाली तेवढी नोकरी पुरे."

 रिनानं डाळ गॅसवरच्या कुकरात ओतली आणि शिट्ट्या मोजत उभी राहिली. पायात अजून कामावरचे बूट होते.

तेव्हा अंजनाबाईंचा सगळा राग त्या हंडीवर होता. शिजते म्हणे, आणि आवाज काही नाही! बुडबुड नाही, शिटी नाही, धूर नाही. माणसानं ओळखायचं कसं? म्हणून त्या थोड्या थोड्या वेळानं झाकण उचलून पाहत. पाहिलंच आहे तर डाव फिरवत. पाणी कमी वाटलं तर तांब्यातलं थंड पाणी ओतत. रांधत्या भांड्याजवळून रिकाम्या हातानं जाणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी दोन गल्ल्या पलीकडच्या गिरजाबाई बसायला आल्या. दोघी आरमोरीकडच्या, एका बांधीत, म्हणजे भातखाचरात, धान रोवलेल्या. बोलता बोलता अंजनाबाई चौथ्यांदा उठल्या, तशा गिरजाबाई म्हणाल्या, "काय वो, त्या हंडीत लेकरू निजवलं काय? घडीघडी पाहून राह्यली!"

"शिजते का नाई, ते पाहतो."

"रोवण्याले जायचो तवा कोण पाहे वो?"

अंजनाबाई झाकण हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. रोवण्याच्या दिवसांत पहाटे गोरसीत, म्हणजे मातीच्या पसरट शेगडीत, गोवऱ्यांचा विस्तव राखेखाली दाबायचा, वर लाखोळीच्या डाळीचं मडकं ठेवायचं आणि बांधीत उतरायचं. संध्याकाळी कंबर मोडून परत यावं तर डाळ गळून गेलेली. मधे कोणी उघडत नव्हतं. उघडायला घरात कोणी नसायचंच.

म्हणजे चार दिवस वाफ त्यांनीच घालवली होती, आणि बोलणी सुनेनं खाल्ली होती. झाकण त्यांनी ठेवलं, पण स्वतःचा इतका राग आला की गिरजाबाईंना चहा द्यायचाही राहून गेला.

संध्याकाळी त्यांनी लेकाला सांगून टाकलं. "नागसेन, झाकण मीच काढत होती. थंड पाणीही मीच टाकलं. तिची चूक नाई."

नागसेननं मोबाइलमधून डोकं काढलं नाही. "मग तं सोपं झालं. तूच रांध. नाई तं ती घरी बसन. एकीनं तं घरी राहाच लागन ना?"

एकीनं! अंजनाबाईंच्या डोक्यात तो शब्द शिरला आणि बाहेर निघेना. नागसेनची खाणीत पहिली पाळी. तीनला घरी येतो. तीनपासून सातपर्यंत कूलरसमोर पाय ताणून पडतो आणि पडल्या पडल्या विचारतो, झालं काय? त्यांचा सासराही बाजेवरून असंच विचारायचा. तेव्हा त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

"घरी तं तूही असते गा, तीन वाजल्यापासून."

"मी थकून येतो, आई."

"अन् रिना काय झोका खेळून येते?"

नागसेननं मोबाइलचा आवाज वाढवला.

शुक्रवारी सकाळी रिनानं रात्री भिजवलेले चणे लावले आणि ती गेली. अंजनाबाईंनी घराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली आणि गिरजाबाईंकडे जाऊन बसल्या.

तीन वाजता फोन वाजला. "आई, कुठी आहे? कुलूप काऊन लावलं?"

"भाजी शिजून राह्यली."

"मग किल्ली दे ना! भूक लागली मले."

"रिना आली का देतो. तवर घरात कोणी नको, झाकण काढाले."

"मी नाई काढत झाकण!"

"तू काहीच नाई करत, मले मालूम आहे. बस तिथीच."

गिरजाबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या.  असं अंजनाबाई आजवर कोणालाच बोलल्या नव्हत्या. "घासाले काही आहे काय वो?" त्यांनी विचारलं, आणि गिरजाबाईंचा स्वच्छ तवा घासायला घेतला.

साडेसहाला रिना आली. नागसेन पायरीवर बसला होता, अंगावर खाणीची काळी धूळ तशीच. अंजनाबाईंनी कुलूप काढलं आणि गॅसवर भात लावला. झाकण मात्र रिनाला काढू दिलं. दिवसात पहिल्यांदाच निघालं ते. रिनानं एक चणा बोटांत धरला, त्याचा लगदा झाला. ती हसली नाही, नुसता लांब श्वास सोडला.

नागसेननं दोनदा भात घेतला. मग म्हणाला, "मीठ कमी आहे."

रिना उठू लागली. अंजनाबाईंनी तिच्या खांद्यावर हात दाबला. "बस वो. जेव तू." मग लेकाकडे वळल्या. "डब्यात आहे मीठ. ऊठ. अन् सोमवारी रिना सही करते. तुले विचारून नाई राह्यली मी, सांगून राह्यली."

 नागसेन उठला. आत डबे उघडल्याचे आवाज आले, एक, दोन, तीन.

"मीठ कोणत्या डब्यात असते?"

दोघी जेवत राहिल्या.