देवाला वाहिलेली गिटार

गेल्या महिन्यात पाथरीजवळच्या एका गावात माझं डोकं फिरलं... अजून पुरतं ठिकाणावर आलेलं नाही. म्हणून लिहितोय.

माझे मित्र गुरुलिंगअप्पा वर्षापूर्वी गेले. किराणा दुकान सांभाळून दर सोमवारी महादेवाच्या मंदिरात भजन करायचे, तेही गिटारवर. आधी लोक हसले, "अप्पा, देवापुढं हे सिनेमाचं लाकूड कशाला?" मग आसपासच्या गावांतून जीप करून माणसं ऐकायला यायला लागली.

अप्पांनी ही विद्या एकाच माणसाला दिली... सून शैलजाला. दुपारी दुकान मिटलं की तिला शिकवायचे. गिटार तुझीच, असं सांगून गेले. पण भजनी मंडळानं ती आठवण म्हणून मंदिरात नेली, ती नेलीच.

शैलजाचा फोन आला, "काका, देवाला वाहिलेली वस्तू सुनेनं कशी मागावी? तुमी एकदा येऊन बघा."

एसटीत मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. जगातल्या नामांकित वादकांच्या गिटारी, लिलावात कोटी-कोटींना गेलेल्या. ज्या बोटांमुळे ही किंमत आली ती बोटं गेली, आणि गिटार काचेच्या कपाटात... दुसऱ्या कुणी बोट लावायचं नाही. म्हटलं, श्रीमंतांचे चोचले, आपल्याला काय त्याचं.

मंदिरात पाय ठेवला आणि तळपायाची आग मस्तकात गेली. गिटार थेट पिंडीशेजारी उभी. अंगावर विभूतीचे पट्टे, गळ्यात झेंडूचा हार, तारा गंजून तांबूस. रोजच्या अभिषेकाचं पाणी न् दूध तिच्यावरही...

मंडळाचा अध्यक्ष शिवमूर्ती मोठ्या कौतुकानं म्हणाला, "काका, देवासारखं जपायलोत बघा."

"अरे शहाण्या, लाकूड आहे ते. अप्पा हात धुऊन, कोरडे करून मग तिला शिवायचे. आणि तू तिला आंघोळ घालतोस?"

"मग काय खुंटीला टांगावं? वाजवणारा तर गेला की."

"वाजवणारी तुझ्यामागं उभी आहे."

त्यानं वळून पाहिलं, हसला. "वहिनी व्हय? घरी वाजवायला ठीक हाय. पण वाहिलेली वस्तू हाय काका, उचलता येत न्हाई."

माझ्या तोंडात शिवी आली होती, मंदिर म्हणून गिळली. तेवढ्यात शैलजा पुढे झाली. हार काढला, गिटार उचलली आणि पालथी केली. पोटातल्या भोकातून पाणी सांडलं... नासक्या दुधाचं, कुजलेल्या बेलपानांसकट. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले.

"पावसाळ्यात मामा हिच्या पोटात तांदळाची पुरचुंडी ठेवायचे," ती म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणते. "ओल धरू नये म्हणून." बस, एवढंच. आणि पदरानं पुसत राहिली.

शिवमूर्ती फरशीकडे बघत होता. मला वाटलं, आता भांडण पेटणार, आणि पेटलं तर मी तयारच होतो. पण पुजारी स्वामी उठले. तिच्या हातातून गिटार घेतली, पिंडीला टेकवली आणि म्हणाले, "पोरी, पदर पसर."

तिच्या पदरात गिटार ठेवली न् शिवमूर्तीकडे वळले. "नारळ वाहिलं तर अर्धं परत देतोच की आपण. हा प्रसाद हाय. प्रसाद अडवतोस का रे?"

परभणीच्या कारागिरानं तारांखालची उखडलेली पट्टी बसवली, तारा नव्या घातल्या. "पोट फुगलंय काका, पहिल्यासारखा आवाज येणार न्हाई," म्हणाला. माझा राग आहे तो याचाच. चोरानं नेली असती तर निदान वाजली तरी असती. माया करणाऱ्यांनीच तिचा गळा धरला... आणि वर पुण्य केलं म्हणून मिरवले. माणूस गेला की त्याच्या फोटोला खुशाल हार घाला. पण त्याच्या वाद्याला देव करू नका रे बाबांनो. कोटींचं कपाट काय न् आपला गाभारा काय, मुकं करायला दोन्ही सारखेच.

काल सोमवारी शैलजा मंडळात वाजवायला बसली. शिवमूर्तीनं स्वतः सतरंजी झटकून जागा करून दिली. आवाज घोगरा आला, सर्दी झालेल्या माणसासारखा... तरी चाल अप्पांचीच होती, हे पहिल्या ओळीला कळलं.

राग अजून आहे, राहू द्या. स्वामींच्या पायावर मात्र डोकं ठेवून आलो.