दहावी टोपी

शुक्रवारी मी डबे वाटते. डबे परत येत नाहीत, झाकणं तर मुळीच नाहीत. परत येतात ते किस्से! सहा वर्षांत मांडणी रिकामी झाली आणि डोकं भरलं. मी शाळेची पायरी चढले नाही, म्हणून मी सांगते आणि नात लिहून घेते. ती म्हणते, "आजी, दमलीस ना? राहू दे." दमलेच आहे. पण बसून सांगायला काय लागतं?

किहीमच्या आसपासच्या चार गावांत आम्ही थोडे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, उरलोय. मुलं मुंबईला नाहीतर इस्राएलला. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी आमचं मंडळ. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत, शब्बाथचा, आमच्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा लागण्याआधी, घरोघर जेवण पोचवायचं, गोळ्या बघायच्या, जरा बसायचं. सेवा करणारे तिघं. मी चौऱ्याहत्तर वर्षांची. फ्लोराबाई शहात्तर, रिटायर्ड नर्स. आणि शालोमभाऊ त्र्याहत्तर, रिटायर्ड एसटी ड्रायव्हर. गुडघे दोन्ही गेलेले, गाडी मात्र चालू!

* * *

मुंबईहून एक पोरगी आम्हाला ट्रेनिंग द्यायला आली. गोड होती बिचारी. म्हणाली, "सेवा घेणारे उजवीकडे बसा, सेवा देणारे डावीकडे."

आम्ही तिघं एकमेकांना धरून उठलो आणि डावीकडे जाऊन बसलो. ती धावत आली. "आजी, तुम्ही चुकीच्या बाजूला बसलात!"

फ्लोराबाई म्हणाल्या, "बाळ, दोन वर्षं थांब. बसूच बरोबर बाजूला."

* * *

बेंजामिनकाका आमचे सगळ्यांत मोठे. नव्वदीचे, एकटे. फ्लोराबाई त्यांचं बीपी बघायला गेल्या. पट्टा बांधला, हवा भरली. एकदम छान!

काका म्हणाले, "आता तुझं बघ."

बघितलं, तर काटा पार वर! काकांनी त्यांना आपल्या कॉटवर झोपवलं, स्वतः पंखा घेऊन वारा घालत बसले.

मी पोचले तेव्हा फ्लोराबाई पडल्या पडल्या म्हणाल्या, "सारा, वहीत लिही. आज एका पेशंटला तपासलं."

"मला कुठं लिहिता येतं?"

"म्हणून तर तुला सांगते!"

* * *

पाऊस संपला आणि काकांनी डबा नाकारायला सुरुवात केली. दार अर्धंच उघडायचे. "कुणा म्हाताऱ्याला दे."

मी आत शिरले. सकाळची पेज तशीच, वर साय धरलेली. काका बारीक झाले होते.

"काका, जेवत का नाही?"

"पुढच्या मंगळवारी मिर्यमची दरवर्षीची प्रार्थना. ती झाली की मी मोकळा. कशाला उगाच पोट भरायचं?"

मिर्यमकाकी जाऊन तीन वर्षं झाली. गेलेल्या माणसासाठी आम्ही कद्दीश म्हणतो, आणि त्याला दहा पुरुष लागतात. एक कमी असला तरी नाही चालत, दिवस पुढे ढकलता येत नाही. चारी गावांत मिळून पुरुष उरलेत दहा. काका धरून! आम्हा बायकांना मोजत नाहीत. डबे मात्र आम्हीच पोचवायचे.

माझा तोल गेला. "तुम्ही मोकळे व्हाल हो! मग बाकीच्या नऊ जणांना दहावा मी कुठून आणू?"

काकांनी पेज पुढे ओढली. मग दोन घास खाल्ले. ते माझ्यावर उपकार म्हणून.

* * *

मंगळवारी सकाळी शालोमभाऊ अंगणात चक्कर येऊन पडले. फ्लोराबाईंनीच त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. सलाइन लावलं, दोन दिवस हलायचं नाही.

इकडे मशिदीत, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागेत, जुनी माणसं तिला मशीदच म्हणतात, मी दारात उभी. माणसं बोट दाखवून मोजायची नाहीत, म्हणून आम्ही टोप्या मोजतो. नऊ. परत मोजल्या. नऊच! काका भिंतीला टेकून बसले होते. तीन दिवस पाण्यावर होते. म्हणाले, "राहू दे, सारा. दमलीस तू." आणि डोळे मिटून घेतले.

मी बाहेर गेले आणि मिनीडोर थांबवली. सहा माणसांच्या त्या रिक्षात नऊ पुरुष कोंबले आणि ड्रायव्हरशेजारी मी, मांडीवर पिशवीत शालोमभाऊंचा डबा.

वॉर्डाच्या दाराशी वॉचमन म्हणाला, "दोघांनाच सोडतो." आतून फ्लोराबाई आल्या आणि अशा आवाजात बोलल्या, की त्याला वाटलं अजून ड्युटीवरच आहेत. सगळे आत!

कॉटभोवती नऊ जण उभे राहिले. शालोमभाऊंच्या डोक्यावर काही नव्हतं. फ्लोराबाईंनी आपला फुलाफुलांचा रुमाल टाकला. दहा!

काकांनी कद्दीश सुरू केली. आम्ही "आमेन" म्हणायचो, तर शेजारच्या कॉटवरचे चाचा उठून बसले आणि तेही म्हणू लागले, "आमीन!"

तेवढ्यात सिस्टर पळत आल्या. "अहो, कधी गेले? मला कुणी सांगितलं कसं नाही?"

रुमालाखालून आवाज आला, "सिस्टर, मी हाय अजून! काकांची बायको गेली, तीन वर्षं झाली!"

प्रार्थना संपली. काका स्टुलावर बसले. मग त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं.

"सारा, डबा कुणाचा?"

"शालोमभाऊंचा."

"उघड."

भात आणि नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण. काकांनी मांडीवर घेऊन शेवटच्या शितापर्यंत खाल्लं. बोटंसुद्धा चाटली. शालोमभाऊ पडल्या पडल्या बघत होते.

"काका, मग मी काय खाऊ?"

काकांनी डब्याला झाकण लावलं.

"तू गप पडून राहा. पुढच्या वर्षी लागशील."