टिटवीच्या मांडवातलं लग्न

आमच्या साडूंनी आजवर जेवढ्या जातींचे पक्षी ओळखले आहेत, तेवढ्या जाती घडवायला ब्रह्मदेवाला अजून दोनचार युगं तरी जादा काम करावं लागेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. भुसावळच्या एका शाळेत ते पीटीचे सर होते. उभी हयात पोरांना 'सावधान, विश्राम' करायला लावून ते निवृत्त झाले, आणि निरोपाच्या समारंभात कुणीतरी त्यांना शाल-नारळाच्या जोडीला एक दुर्बीण दिली. ती देणाऱ्याचं नाव माझी मेहुणी, म्हणजे आमची अक्का, अजून शोधते आहे. सापडला तर त्या माणसाचं काही खरं नाही.

पक्षी बघायला शांतता लागते, असं सगळे सांगतात. साडूंचा आवाज मात्र आयुष्यभर मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला जाण्यासाठीच घडवलेला. फाल्गुनात सावरीला फुलं आली की ते मला जळगावहून बोलावून घेतात आणि पहाटे तापीकाठी नेतात. लालभडक फुलांनी डवरलेल्या झाडावर भोरड्यांचा अख्खा थवा मध पीत बसलेला असतो. एकदा मी बापडा साधं "वा!" म्हटलं, तर साडू माझ्याकडे वळून गर्जले, "हळू बोला!" थवा उडाला. सावर क्षणात रिकामी झाली. पलीकडच्या काठावर अंघोळ करणारा एक गृहस्थसुद्धा घाईघाईने कपडे उचलून निघाला. साडू माझ्यावरच रागावले. "तुमच्यासारखी माणसं बरोबर असली की असं होतं," म्हणाले.

दुर्बीण त्यांच्या गळ्यातून झोपतानाच तेवढी निघते. भाजीबाजारात ते दुर्बिणीतून वांगी बघतात, आणि भाजीवाल्या बायका त्यांना लांबूनच भाव सांगून मोकळ्या होतात. एकदा आमच्या नात्यातल्या एका म्हाताऱ्यांच्या दहाव्याला आम्ही घाटावर होतो. पिंड ठेवलेला, ऊन चढलेलं, कावळा शिवायचं नाव घेत नव्हता. गेलेल्या माणसाच्या मनात काय राहिलं असेल यावर दबक्या आवाजात चर्चा चाललेली. थोरल्या मुलाने "धाकट्याचं शिक्षण पुरं करीन" असं कबूल केलं, मग "आईला अंतर देणार नाही" असंही कबूल केलं, तरी कावळा नाही. एवढ्यात साडू ओरडले, "आला! आला!" सगळ्यांनी घाईने हात जोडले, मुलं जमिनीला डोकं टेकवून रडायला लागली, गुरुजींनी मंत्र उरकले. मग कळलं की आला होता तो खंड्या, आणि तोही पलीकडच्या तारेवर. साडूंचं म्हणणं, "मी कुठे कावळा म्हणालो?"

पण हे सगळं परवडलं असतं. संकट सुरू झालं ते व्हॉट्सअ‍ॅपच्या गटापासून. परिसरात कुठे कोणता पक्षी दिसला ते एकमेकांना कळवायचं, म्हणून भुसावळ-जळगावच्या पक्षीवेड्यांनी 'उडती खबर' नावाचा गट काढला आहे. त्या नावाला जागणारे त्यात एकटे आमचे साडूच. एकदा त्यांनी विजेच्या तारेवरच्या काळ्या आकृतीचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'कृष्णगरुड. वय झालेला. डाव्या पंखाला इजा असावी.' गटातल्या एका मुलीने अदबीने विचारलं, "सर, ती प्लास्टिकची पिशवी आहे का?" साडूंनी उत्तर दिलं, "मतभेदांचा आदर आहे." दुसऱ्या दिवशी वाऱ्याने पिशवी उडून गेली, तर 'गरुडाचे यशस्वी उड्डाण, प्रकृती उत्तम' अशी खबर यांनी दिली.

अशा या माणसाच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं. स्थळ धुळ्याचं, चांगलं घर, मूळचे सोनगीरजवळच्या खेड्यातले शेतकरी. लग्न चैत्रात, भुसावळलाच, घरासमोरच्या मोकळ्या मैदानात मांडव घालून करायचं ठरलं. मी आणि बायको तयारीसाठी आधीच येऊन राहिलो होतो. मांडववाले चाचा वासे घेऊन आले त्या दिवशी सकाळी मैदानातून साडूंची हाक आली. मी धावत गेलो. मैदानाच्या मधोमध, थोड्या उंचवट्यावर, जिथे बोहलं उभं राहायचं नेमकं तिथे, साडू दोन्ही हात पसरून उभे होते. त्यांच्या पायाशी खड्यांमध्ये मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची अंडी होती, आणि डोक्यावर एक टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत घिरट्या घालत होती.

चाचा म्हणाले, "सर, अंडी उचलून त्या कोपऱ्यात ठेवू ना. पाखराला काय समजतंय?"

"चाचा, तुमचं घर उचलून वरणगावला नेऊन ठेवलं तर तुम्हाला समजेल की नाही?"

चाचांनी हातातला वासा खाली ठेवला. अक्का तोवर हातातलं पीठ न झटकताच बाहेर आली होती. "तुम्हाला पोरगी उजवायची आहे का टिटवी?" तिने विचारलं.

साडू म्हणाले, "दोन्ही."

त्यावर अक्का खालीच बसली. घरात आलेले पाहुणे दारात गोळा झाले. अक्का रडत म्हणाली, की पत्रिका वाटून झाल्या, सभागृहं सगळी भरलेली, आणि या माणसाने एका पाखरासाठी लेकीचं लग्न उधळायला काढलंय. मीही साडूंना चार शब्द सुनावले. ते जागचे हलेनात. शेवटी नवरी मुलगी पुढे आली. हाताला हळद लागायची होती, केस विंचरायचे राहिले होते. तिने अंड्यांकडे बघितलं, वर टिटवीकडे बघितलं आणि म्हणाली, "राहू दे गं आई. बाबांनी पहिल्यांदाच एखादा पक्षी बरोबर ओळखलाय."

अक्काला रडता रडता हसू आलं, आणि तिथेच टिटवी जिंकली.

चाचांनी मग आपली सगळी कारागिरी पणाला लावली. मांडव असा वाकडा घातला की वरून बघणाऱ्याला उंदराने कुरतडलेली भाकरी वाटावी. मधला उंचवटा उघडा ठेवला, भोवती जराशा अंतरावर प्लास्टिकच्या खुर्च्यांचं कडं केलं. बोहलं सरकत सरकत विजेच्या डीपीसमोर गेलं. 'धोका' लिहिलेली कवटीची पाटी नवरानवरीच्या बरोबर मागे येत होती, तिच्यावर चाचांनी झेंडूच्या माळा सोडल्या. टिटवी थोडा वेळ थयथयाट करून परत अंड्यांवर बसली. आणि या आनंदात साडूंनी 'उडती खबर'वर घरट्याची जागा कळवली. तिथेच आपल्या घरचं लग्न आहे, हे लिहायचं तेवढं राहिलं.

लग्नाच्या दिवशी हातभर लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन सगळा गट हजर. आम्हाला वाटलं मुलाकडचे फोटोग्राफर, मुलाकडच्यांना वाटलं आमचे. खरा फोटोग्राफर एका कोपऱ्यात रुसून बसला. नवऱ्याच्या आत्याबाई नथ सावरून कॅमेऱ्यांसमोर उभ्या राहिल्या, तर एक तरुण नम्रपणे म्हणाला, "मावशी, जरा बाजूला होता का? तुमच्यामागे टिटवी आहे." नंतर त्या मंडळींनी वरण-बट्टीवर असा हात मारला की आचाऱ्याला कणीक पुन्हा मळावी लागली.

पण त्याआधीचा प्रसंग खरा कठीण. धुळ्याची वरात बँड वाजवत मैदानाच्या तोंडाशी आली आणि साडू शिट्टी फुंकत समोर आडवे गेले. "बँड बंद! फटाके नाहीत! आत टिटवी बसलीये!"

बँड थांबला. नवरदेवाचे काका पुढे आले. "अहो, लग्न आहे का मयत?"

साडूंनी हात जोडले. असे हात जोडताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "तुमचा मान मी ठेवीन, म्हणाल ते करीन," ते म्हणाले, "पण आवाजाने ती उठून गेली तर या उन्हात अंडी शिजतील हो."

तेवढ्यात टिटवी उठलीच, आणि ओरडत वरातीवरून गेली. आत्याबाईंचा चेहरा पांढरा पडला. "शुभकार्यात टिटवी ओरडली! अपशकुन झाला!" बायकांत कुजबुज सुरू झाली. काकांनी नवरदेवाच्या घोड्याचा लगाम धरला. आता घोडा आत जातो की मागे फिरतो ते कुणालाच कळेना. अक्का माझ्या बायकोचा हात घट्ट धरून उभी होती. साडू मान वर करून टिटवी कुठे गेली ते शोधत होते.

मग गाडीतून नवरदेवाचे आजोबा उतरले. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. सगळे त्यांना आबा म्हणत. "कोठे शे ती? माले दखाडा," ते म्हणाले. साडूंनी त्यांना हात धरून खुर्च्यांच्या कड्यापर्यंत नेलं. आबा बराच वेळ बघत राहिले. टिटवी एव्हाना हात धुण्याच्या नळाखालच्या डबक्यात पोट बुडवून परतली होती आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसत होती. आबांनी काठी उंचावली.

"उच्ची जागावर अंडा दिधात तिनी! औंदा पानी चांगलं पडी. हाई ते चांगलं शकुन शे. बँड बंद करा रे भो, आणि लगीन लावा!"

शेतकऱ्याच्या घरात पावसाच्या शकुनापुढे कुणाचं काय चालणार? आत्याबाईसुद्धा लगेच म्हणाल्या, "मी तेच म्हणत होते." सगळी वरात चपला हातात घेऊन, एकमेकांना गप्प करत मांडवात शिरली. बँडवाले लांब रस्त्याकडेला बसून उगाच ताशावर बोटं फिरवत राहिले. मंगलाष्टकं गुरुजींनी गुपित सांगावं तशी म्हटली, अक्षता लोकांनी अलगद सोडल्या. फक्त "शुभमंगल सावधान" म्हटलं की साडू सवयीने टाचा जुळवून ताठ उभे राहायचे आणि त्यांच्या हातातल्या अक्षता सांडायच्या.

पाठवणीच्या वेळी सगळे रडले. अक्का रडली, माझी बायको रडली, चाचासुद्धा डोळे पुसत होते. साडू तेवढे खुर्च्या उचलायला येणाऱ्या पोरांना "त्या नको, त्या नको" म्हणत मैदानात फिरत होते. लेक पाया पडली तेव्हा म्हणाले, "उन्हातून जाऊ नका, वाटेत थांबा." बस.

वैशाखात एका सकाळी त्यांचा फोन आला. "अंडी फुटली. येता?" मी हातातलं काम कसंबसं उरकून मिळेल त्या गाडीने भुसावळला गेलो. पोचेपर्यंत दुपार टळली होती. मैदानात खुर्च्यांचं कडं तसंच होतं, आत काही नव्हतं. साडू त्यातल्याच एका खुर्चीवर बसले होते. अक्काने दोन कप चहा आणून ठेवला आणि 'यांना काही विचारू नका' अशी मला खूण करून ती आत गेली.

"पिलं कुठायत?" तरी मी विचारलंच.

त्यांनी मैदानापलीकडच्या गवताकडे हात केला. "गेली. अंगावरचं ओलं सुकलं आणि आईमागून निघाली. अर्धा दिवसही नाही थांबली."

"उडून?"

"नाही हो. चालतच गेली. इतकीशी, कापसाच्या बोंडाएवढी. उडता तरी कुठे येतंय अजून..."

चहावर साय धरली. मी शेजारची खुर्ची ओढून बसलो, आणि ऊन मैदानावरून उतरेपर्यंत आम्ही दोघं त्या गवताकडे बघत राहिलो.