पुढच्या दाताचा फोटो

भिंगरी लग्नाआधी पहिल्यांदा घरी आली, तेव्हा सासूबाईंनी मनातल्या मनात निकाल देऊन टाकला होता, की ही मुलगी एक तर अर्धवट आहे नाहीतर महाशिष्ट. आता ही गोष्ट त्या स्वतःच सांगतात आणि सांगता सांगता हसून हसून त्यांना ठसका लागतो. झालं होतं असं, की मुलगी कोणाच्या डोळ्यांत बघून बोलेचना. सासूबाईंनी विचारावं, प्रवास कसा झाला, आणि तिने बघावं त्यांच्या ओठांकडे. सासरे कशाला तरी हसले, तर ही खुर्चीतून अर्धी उठली आणि मान वाकडी करून त्यांच्या तोंडात डोकावली. ती गेल्यावर सासूबाईंनी मुलाला विचारलं, ‘‘तुझी ही मैत्रीण माणसं बघायला आली होती की घोडा विकत घ्यायला?’’

मग कळलं, की ती दात बनवते. डॉक्टर तोंडात बसवतात त्या कॅपा, त्या कुठूनतरी बनून येतात ना, त्या हिच्या हातच्या. आणि सासऱ्यांच्या वरच्या दाताची कॅप शेजारच्या दातापेक्षा पिवळी आहे, हे तिने दारातूनच ओळखलं होतं. फक्त पहिल्याच भेटीत कसं सांगायचं म्हणून बिचारी गप्प बसली होती. लग्नानंतर मात्र सांगितलं. गप्प बसणं तिच्या पत्रिकेत नाही. एका जागी बसणं तर त्याहून नाही. जेवताना तीनदा उठेल, टीव्ही बघताना कपाट आवरेल, फोनवर बोलताना साऱ्या घराला प्रदक्षिणा घालेल. नणंदेने पहिल्याच आठवड्यात तिचं नाव भिंगरी ठेवलं, आणि ते असं चिकटलं, की आता लॅबमधले लोकही तिला त्याच नावाने हाक मारतात.

लॅब म्हणजे टायरच्या दुकानावरच्या तीन खोल्या. पहिल्या खोलीत प्लास्टर ओतायचं काम, तिथली बिजागरीसुद्धा पांढरी झालेली. मधल्या खोलीत चार टेबलं, चार दिवे, आणि कोपऱ्यात भट्टी. तिसऱ्या खोलीत मॅडम, म्हणजे मालकीणबाई, आणि कॉम्प्युटर. खालून टायर ठोकल्याचा आवाज आला, की टेबलावरचे दात थरथरतात. दाढा कोणीही करतो, असं तिथे म्हणतात. दाढ चावली की झालं. पण पुढचा दात हा लॅबची अब्रू. तो भिंगरीकडे. आणि नवल असं, की बारीक ब्रशने चिनी मातीचे थर चढवताना हीच भिंगरी अशी स्थिर होते, की तिच्या नाकावर माशी बसली तरी हलायची नाही.

पण मागच्या महिन्यात एक दात परत आला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर रंगाचा नंबर लिहिला होता, हिने त्या नंबराबरहुकूम केला, आणि पेशंटच्या तोंडात तो जुन्या भिंतीत नवी फरशी बसवावी तसा चमकला. शेजारच्या दाताच्या कडेला राखाडी झाक होती, ती नंबरात मावली नव्हती. मॅडम ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाल्या, की याच दवाखान्यातून आणखी एक परत आला, तर पुढचे दात दुसऱ्या टेबलावर जातील आणि तू दाढा सांभाळ. त्या दिवसापासून भिंगरीने नियम केला, फोटो बघितल्याशिवाय ब्रशला हात लावायचा नाही.

आणि नेमका त्याच दवाखान्याचा पुढचा दात आला. पेशंट शाळेतल्या बाई. दात तुटल्यापासून वर्गात तोंडावर हात धरून शिकवत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आपल्या मुलीकडे परदेशी निघायच्या होत्या, म्हणून दात आज संध्याकाळी बसायलाच हवा होता. कॅपचा साचा तयार, पाया तयार, फक्त वरचे रंगाचे थर बाकी. फोटो मेलवर पाठवले आहेत, असा सकाळी दवाखान्यातून निरोप आला. फोनवरून गप्पा मारल्यासारखे पेशंटचे फोटो पाठवायचे नाहीत, जे काय ते मेलवर, असा तिथल्या डॉक्टरांचा दंडक.

भिंगरीने मेल उघडला. वर ‘नमस्कार’, खाली ‘धन्यवाद’, आणि मध्ये तीन रिकामे चौकोन. प्रत्येकाच्या कोपऱ्यात फाटक्या कागदाचं एवढंसं चित्र. दात नाही, ओठ नाही, काही नाही.

तिने पान पुन्हा उघडलं. पुन्हा चौकोन. वरच्या बाजूला ‘चित्रं दाखवा’ अशी एक ओळ होती. ती दाबल्यावर ओळ गेली, चौकोन राहिले. माउस आपटला. खिडकीपर्यंत गेली, परत आली. चौकोन जिथल्या तिथे.

प्लास्टरवाले मामा, लॅबमधले सगळ्यात जुने, दारातून डोकावले आणि म्हणाले, की बंद करून चालू कर, माझी मिक्सिंगची मशीन तशीच सुधारते. केलं. मशीन आणि कॉम्प्युटर यांतला फरक मामांना त्या दिवशी कळला, इतकाच फायदा झाला.

मग तिने नवऱ्याला फोन लावला. नवरा औषधांच्या गोदामात हिशेब बघतो, पण घरातला प्रिंटर त्याने एकदा चालू केला होता. तेव्हापासून तो स्वतःला कॉम्प्युटरचा डॉक्टर समजतो. म्हणाला, कॅश साफ कर. म्हणजे ब्राउझर आधी बघितलेलं साठवून ठेवतो, ते पुसायचं. कुठे दाबायचं ते सांगितलं, पण काय दाबायचं नाही ते सांगायला विसरला. भिंगरीने घाईत सगळ्याच चौकोनांवर बरोबरच्या खुणा केल्या आणि पुसलं. फोटो आलेच नाहीत, वर मॅडमचे सगळे पासवर्ड गेले. बँक म्हणे तुम्ही कोण, वीजबिल म्हणे तुम्ही कोण, आणि मेल तर दारातसुद्धा उभं करीना. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. मॅडम चष्मा कपाळावर चढवून पासवर्ड आठवत बसल्या, आणि भिंगरी त्यांच्या खुर्चीमागे एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.

‘‘मागे नाचू नकोस गं, मला माझं नावसुद्धा आठवेना,’’ मॅडम म्हणाल्या.

शेवटी पासवर्ड आठवला आणि पुन्हा मेल उघडला. चौकोन होतेच, निवांत. नवऱ्याचा फोन आला, की जाहिराती अडवणारं काही बसवलंय का, ते बंद कर. मॅडमच्या भाच्याने बसवलं होतं. बंद केलं, तर बुटांच्या आणि गाद्यांच्या जाहिराती धो धो कोसळल्या, दात एकही नाही. दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघ म्हणाला. बघितलं. तेच. मग त्याने हुकमी एक्का काढला, तुमचं नेटच हळू आहे. मधल्या खोलीत एका टेबलावर त्याच नेटवर गाणी वाजत होती. भिंगरीने फोन तिकडे धरून त्याला दोन ओळी ऐकवल्या आणि बंद केला.

एव्हाना ऊन टेबलाच्या या टोकावरून त्या टोकाला गेलं होतं. मातीचा दात घाईला भीक घालत नाही. थर चढवायचा, भाजायचा, तो आक्रसतो, पुन्हा चढवायचा, पुन्हा भाजायचा. भट्टी तापून तयार होती आणि आत घालायला काही नव्हतं. मामांनी काळजीने सुचवलं, की नंबर लिहिलाय ना चिठ्ठीवर, कर त्यावरून. भिंगरीने ब्रश उचलला. ठेवला. पुन्हा उचलला. मागच्या महिन्यातला दात डोळ्यांसमोर चमकला आणि तिने ब्रश असा ठेवला, की त्याचा केस वाकला.

मग मॅडमनी आपल्या फोनवर मेल उघडला. तिथेही तेच तीन फाटके कागद. आणि इथे पहिल्यांदा भिंगरीच्या डोक्यात आलं, की घर बदललं तरी भूत तेच, म्हणजे भूत आपलं नाही. ते मेलबरोबरच आलंय.

तिने दवाखान्यात फोन लावला. काउंटरवरच्या ताई म्हणजे आवाज साखरेचा आणि मान पोलादाची. त्या म्हणाल्या, की फोटो पाठवलेत, त्यांच्यासमोर आत्ता दिसताहेत, तिन्ही, अगदी सुंदर. तुमच्या कॉम्प्युटरलाच काहीतरी झालंय. भिंगरी म्हणाली, दोन ब्राउझर झाले, फोन झाला. ताई म्हणाल्या, मग तिन्हींना झालं असेल. नाचता येईना अंगण वाकडं, एवढं सोडून त्या सगळं बोलल्या.

फोन कानाशी धरून भिंगरी दुसऱ्या हाताने चौकोनांना टोचत होतीच, हात थांबतो कुठे तिचा. माउसचं उजवं बटण दाबलं, यादी आली, त्यात ‘चित्र नव्या टॅबमध्ये उघडा’ दिसलं, ते दाबलं. आणि दाताऐवजी एक पान उघडलं, वर त्याच दवाखान्याचं नाव आणि खाली दोन रकाने, आपलं नाव घाला, पासवर्ड घाला.

‘‘ताई, फोटो कुठून घेता तुम्ही?’’ भिंगरीने विचारलं.

ताईंनी अभिमानाने सांगितलं, की मागच्या आठवड्यापासून दवाखान्यात नवीन प्रोग्राम आलाय, प्रत्येक पेशंटचं पान त्यात असतं. पूर्वी फोटो आधी कॉम्प्युटरवर उतरवा, मग मेलला जोडा, हा केवढा व्याप. आता त्या पेशंटच्या पानावरचा फोटो माउसने धरतात आणि ओढत आणून थेट मेलमध्ये ठेवतात. नमस्कार आणि धन्यवाद यांच्या मध्ये छान बसतो.

म्हणजे घ्या. फोटो मेलमध्ये आलाच नव्हता. फोटो दवाखान्यातच बसून होता, आणि मेलमध्ये आला होता फक्त त्याचा पत्ता. ताई त्या प्रोग्राममध्ये आत बसलेल्या, म्हणून त्यांना दार उघडं. बाकी सगळ्यांना कुलूप. भिंगरीने हे समजावलं. ताई म्हणाल्या, असं कसं, मी पाठवलाय. भिंगरी तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडमनी दारातून भट्टीकडे बोट दाखवलं. तिने जीभ चावली, आवाजात जमेल तितकं लोणी घातलं आणि म्हणाली, की ताई, आमचीच चूक असेल हो, पण तुमच्या जुन्या पद्धतीने एकदा जोडून पाठवता का, माझ्यासाठी? ताईंनी उपकार केल्यासारखे पाठवले.

आणि आले. तिन्ही. मोठे, स्वच्छ. शेजारच्या दाताच्या टोकाला निळसर पारदर्शक कड, मध्ये कापसाच्या तंतूएवढा पांढरा ठिपका, आणि हिरडीजवळ मधाची झाक. चिठ्ठीवरच्या नंबरात यातलं काहीच नव्हतं. भिंगरी बसली. टायरवाल्याने खाली काय काय ठोकलं, नवऱ्याचे किती फोन येऊन गेले, मामांनी दोनदा चहा ठेवून दोनदा गार झालेला उचलला, तिला पत्ता नाही. शेवटच्या भाजणीतून दात बाहेर आला, तेव्हा मामांनी तो फोटोशेजारी धरला आणि मान डोलावली.

दात घेऊन जाणारा माणूस तोवर निघून गेला होता. भिंगरी म्हणाली, मी जाते. मॅडमना वाटलं, केवढी जबाबदारीची जाणीव. जबाबदारी होतीच, पण आत दुसरंच काहीतरी सलत होतं. ‘आमचीच चूक असेल’ हे वाक्य तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी दात बसवला, दिवा फिरवून बघितला आणि शाळेतल्या बाईंच्या हातात आरसा दिला. बाईंनी आधी ओठ मिटूनच आरशात बघितलं, मग थोडे उघडले, मग पूर्ण. नवा दात कोणता, हे त्या जिभेने चाचपून शोधायला लागल्या. डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले, ‘‘पुढच्या आठवड्यात आणखी दोन पुढचे आहेत. तुमच्याकडेच देतो.’’

यावर कोणत्याही शहाण्या बाईने घरी जावं. भिंगरी काउंटरवर गेली.

ताईंनी गोड हसून विचारलं, की दिसले ना मग फोटो, सुधारला ना कॉम्प्युटर? भिंगरी म्हणाली, की सकाळच्या मेलमधून फोटो गेलेच नव्हते. ताईंनी शांतपणे कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. सकाळचा मेल, तीन फोटो, झळझळीत. भिंगरी म्हणाली, त्या प्रोग्राममधून बाहेर पडून बघा. ताई बाहेर पडल्या, मेल पुन्हा उघडला. फोटो तसेच.

ताईंनी नुसत्या भुवया वर केल्या. हात दाखवून अवलक्षण. बाकावर वाट बघणारे दोन पेशंटही आता दातदुखी विसरून बघायला लागले होते. तिने काउंटरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारली, परत आली आणि म्हणाली, की हे तुमच्या कॉम्प्युटरने सकाळी बघितलेले साठवून ठेवलेत. ज्या यंत्रावर तुम्ही प्रोग्राम कधी उघडलाच नाही, त्यावर बघा. तुमच्या फोनवर येतो ना दवाखान्याचा मेल?

ताईंनी फोन काढला. बोट फिरवलं. थांबल्या. पुन्हा फिरवलं.

‘‘माझा फोन जुना आहे,’’ त्या म्हणाल्या.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले, कोट काढत. भिंगरीने त्यांचा फोन मागितला; त्यांचा नवा कोरा होता. त्यांनी मेल उघडला, चष्मा वर-खाली केला आणि ताईंनाच विचारलं, ‘‘यात तर रिकामे चौकोन आहेत. फोटो कुठेत?’’

बाकावरचा एक पेशंट सुजलेला गाल धरून हसला आणि कळवळला.

‘‘बरं बाई,’’ ताई फोन उलटा ठेवत म्हणाल्या, ‘‘नव्हते गेले फोटो. झालं समाधान?’’

‘‘सकाळचे,’’ भिंगरी म्हणाली. ‘‘सकाळचे नव्हते गेले, असं म्हणा.’’

ताईंनी डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टर छताकडे बघत होते.

‘‘सकाळचे नव्हते गेले,’’ ताई म्हणाल्या.

भिंगरीने पर्स खांद्याला लावली आणि जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या एकदम उतरत ती निघाली.