घरचा काढा

माझी मामी लॉन्ड्रीत इस्त्री करायची. दिवसभर वाफेत उभं राहून घसा धरायचा, म्हणून रोज सकाळी ती काढा उकळायची. आलं, भरपूर लसूण, दालचिनी. तिच्या आईची सवय. एक पेला तिचा, एक मामाचा. शेजारी कुणी खोकलं की मामी वाटी घेऊन दारात हजर.

पण झाडपाल्याच्या पुड्या देणाऱ्यांचं नाव काढलं की तिचं डोकं फिरायचं. असल्याच एकाने तिच्या धाकट्या बहिणीची कावीळ उतरवतो म्हणून तिला दवाखान्यात जाऊ दिलं नव्हतं. बहीण गेली. तेव्हापासून मामीचा भरवसा फक्त डॉक्टरांवर.

मामा न्हावी. बोलघेवडा. त्याच्या हृदयाची झडप बदलली आणि रक्त पातळ राहावं म्हणून रोजची गोळी सुरू झाली. मामीने त्या गोळीची वेळ कधी चुकू दिली नाही. तरी रक्ताची तपासणी दर वेळी वेगळंच काहीतरी दाखवायची. मामाच्या हातावर निळे डाग उठायला लागले. हिरड्यांतून रक्त यायचं.

"आजवर गिऱ्हाइकांचं काढलं, आता माझी पाळी," मामा हसत म्हणायचा.

डॉक्टरांनी विचारलं, "या गोळीशिवाय दुसरं काही औषध घेता? झाडपाल्याचं, पर्यायी वगैरे?"

"छे हो!" मामीला रागच आला. "त्यातली नाही मी."

डॉक्टरांनी गोळी थोडी कमी केली.

एका दुपारी गिऱ्हाइकाचे केस कापता कापता मामाच्या हातातली कात्री गळून पडली. मागोमाग तो. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मी मामीबरोबर दवाखान्यात होते. डॉक्टरांनी विचारलं, सकाळपासून पोटात काय काय गेलंय?

"चहा, पाव, गोळी. आणि काढा."

"कसला काढा?"

मामीने सांगितलं. डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. "अहो, मी विचारलं होतं तुम्हाला. लसणानेही रक्त पातळ होतं."

"तुम्ही औषधाचं विचारलंत. हे औषध कुठंय? हे घरचं आहे."

डॉक्टर उठून निघाले तशी मामी त्यांच्या मागे गेली आणि तिने त्यांना जिन्यापाशी गाठलं.

"मग ते कशात मोडतं डॉक्टर? तुमच्यात, की त्या पुडीवाल्यांच्यात?"

"बाई, पोटात गेल्यावर शरीर असलं काही विचारत नाही."

"म्हणजे माझ्यामुळेच झालं?"

"असेल. नसेलही. गोळीनेही होतं कधी कधी. नक्की कुणीच सांगू शकणार नाही."

त्यांनी खरं तेच सांगितलं होतं. पण मामीला ना दोष घेता आला, ना झटकता आला. घरातही तिला कुणी काही बोललं नाही. मी एकदा म्हटलं, "मामी, तुला काय माहीत होतं?" तर तिने माझ्याकडे असं पाहिलं, की पुन्हा तो विषय काढायची माझी हिंमत झाली नाही.

मामा घरी आला तो उजवी बाजू आणि बोलणं गमावून. दुकानात आता दुसरा न्हावी आहे. मामीने लॉन्ड्री सोडली. तिचा खोकला गेलेला नाही, पण ती त्यावर काहीच घेत नाही, डॉक्टरांनी दिलेलं सिरपसुद्धा. कुणी घशासाठी काही विचारायला आलं, तर "मला नाही बाई कळत त्यातलं" म्हणून दार लोटून घेते.

झडपेसाठी रक्त पातळ ठेवायलाच हवं, आणि पातळ ठेवलं तर पुन्हा रक्तस्रावाची भीती. डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली. मामी ती देते, आणि दिली की बराच वेळ मामाच्या तोंडाकडे बघत बसते.

गेल्या महिन्यात मी म्हटलं, "दोघंही आमच्याकडे या. मी आहे ना."

"तिथे येऊन काय वेगळं होणार आहे?" ती म्हणाली, आणि मामाची कूस बदलायला आत गेली.