चार गाड्यांचा शब्द

मारेल्डिया टोफीला आमच्या गल्लीत आडनावाने कुणी ओळखत नाही. थोरांची ती रेल्डी, धाकट्यांची आंटी रेल्डी, आणि शूटिंगवाल्यांची 'सह्यांवाली बाई'. सव्वीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात तिने कॉलरी शिवल्या. कारखाना बंद पडला तेव्हा ती बावन्न वर्षांची होती आणि घरी बसून भिंतींशी बोलणाऱ्यांतली नव्हती. त्याच सुमारास बो-कापच्या आमच्या रंगीत घरांवर जाहिरातवाल्यांचा डोळा पडला. साबण विकायचा असो की मोटार, पाठीमागे आमच्याच भिंती हव्यात. जणू उरलेल्या केप टाऊनमध्ये रंग मिळतच नव्हता.

शूटिंगला नगरपालिकेचा परवाना लागतो, आणि गल्लीत गाड्या लावायच्या तर रहिवाशांच्या सह्या. त्यासाठी कंपनीची माणसं भलत्या वेळी दारं ठोठावत आणि शिव्या खाऊन परत जात. रेल्डीने ते काम अंगावर घेतलं. रात्रपाळीच्या नर्सकडे बारानंतर जायचं, गनीफ बूटा या म्हाताऱ्या शिंप्याकडे दुपारच्या नमाजानंतर, आणि कोपऱ्यावरच्या जुळ्या बहिणींकडे एकाच वेळी, नाहीतर जिच्याकडे नंतर जाल ती रुसते, हे सगळं तिला पाठ होतं. गाड्या किती, कुठल्या बाजूला, किती वाजता हलणार, हे ती प्रत्येक दारात तोंडाने सांगायची. शुक्रवारी शूटिंग नाही. आणि अटींच्या पानावर शेवटची ओळ नेहमी तिच्या हाताची असायची : गल्लीत मयत झाली, तर काम तिथल्या तिथे बंद आणि गाड्या बाहेर.

दहा वर्षांत तिचा शब्द कधी खाली पडला नाही. म्हणून तर लोक न वाचता सही करू लागले. गनीफ बूटा चष्मासुद्धा शोधायचा नाही. "कुठे करू ते बोट ठेव," म्हणायचा.

रुआन लोम्बार्ड तिला भेटला तो नऊ वर्षांपूर्वी, रमजान संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. ही तारीख ती अजून सांगते. कंपनीचा लोकेशन पाहणारा, तेव्हा नवखा. त्याच्या ट्रकने कुणाची तरी पायरी फोडली होती आणि चार बायका त्याला घेरून उभ्या होत्या. रेल्डीने त्याला सोडवलं, पायरी दुरुस्त करून घेतली आणि वर घरी नेऊन जेवू घातलं. तेव्हापासून रविवारी नारळात घोळवलेले गरम कोसिस्टर, आमचे तळलेले गोड वडे, खायला तो हक्काने यायचा. तिचा नवरा गेला तेव्हा कबरस्तानात माती टाकायलाही हा होता. "माझा गोरा लेक," असं ती चारचौघांत म्हणायची. आम्ही हसायचो. हसायला नको होतं, की जास्त हसायला हवं होतं, कोण जाणे.

घात झाला तो वाऱ्याच्या निमित्ताने. उन्हाळ्यात आमच्याकडे आग्नेयेचा वारा सुटला की दिव्यांचे खांबसुद्धा उभे राहत नाहीत. शूटिंग पुढे जातं, तारीख बदलते, आणि सह्या पुन्हा पहिल्यापासून. आमचा चढ असा, की तीन वेळा घरोघर फिरल्यावर रेल्डीचे गुडघे बोलू लागले. शेवटी गनीफ बूटानेच तोडगा काढला. "तू नुसत्या सह्यांचा कागद घेऊन जा. तारीख नि गाड्या मागाहून दुसऱ्या पानावर लिही. आम्ही कुठे पळून चाललोय?" तेव्हापासून सह्या वेगळ्या आणि अटी वेगळ्या. दोन्ही पानं जोडायचं काम रुआनचं.

या जानेवारीत त्याने सांगितलं, छोटी जाहिरात आहे, चार गाड्या, गल्लीच्या खालच्या टोकाला, गुरुवारी चारपर्यंत. रेल्डीने एकोणीस घरांत तेच सांगितलं आणि एकोणीस सह्या नि आपल्या हाताचं अटींचं पान त्याला आणून दिलं.

गुरुवारी सकाळी उठून बघते तो दोन्ही बाजूंनी ट्रक. बावीस मोजले तिने. वरपासून खालपर्यंत गल्ली बंद, मधोमध रूळ टाकून त्यावर कॅमेरा. ती रुआनला शोधायला निघणार, तोच बातमी आली की गनीफ बूटाची बायको लतीफा पहाटे गेली.

आमच्यात मयत थांबवत नाहीत. दुपारच्या नमाजाला मशिदीत, तिथून कबरस्तानात. सगळ्या शहरातून माणसं आली आणि गाड्या लावायला जागा नाही म्हणून पायथ्यापासून चढत आली. बायका घरात राहिल्या. रेल्डी ओट्यावर उभी होती. पुरुषांनी जनाजा खांद्यावर घेतला, वीस पावलं उतरले, आणि रेडिओ हातात घेतलेल्या रखवालदाराने त्यांना अडवलं. शॉट चालू आहे, पाच मिनिटं थांबा. पाचाची अकरा मिनिटं झाली. खांद्यावर लतीफाला घेऊन माणसं उन्हात उभी, गनीफ बूटा सगळ्यांत पुढे. शेवटी तोच वळला आणि बाजूच्या अरुंद पायऱ्यांनी तिला उतरवायला लावली. मोठे झालेले नातू तिला तिरकी धरून उतरवताना रडत होते.

रेल्डीने रुआनला जेवणाच्या तंबूत गाठलं. तिने आवाज चढवला नाही.

"चार गाड्या म्हणालास."

"आंटी, गिऱ्हाइकाने काम वाढवलं. आयत्या वेळी काय करणार?"

"मला सांगायचंस. आणि माझी ओळ? मयतीची?"

त्याने फाइल उघडून दाखवली. वरचं पान नवं, छापील. बावीस वाहनं, तीन दिवस, संपूर्ण रस्ता. शेवटची ओळ नव्हतीच. खाली एकोणीस सह्या, तिने जमवलेल्या.

"ती ओळ ठेवली असती तर शूटिंगचा विमा मिळाला नसता," तो म्हणाला. "आणि आंटी, सह्या तर खऱ्याच आहेत ना?"

नऊ वर्षं जेवू घातलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून तिला आधी राग नव्हे, लाज वाटली. त्याची नाही, स्वतःची. राग मागाहून आला आणि मग गेलाच नाही. कुणी उपऱ्याने फसवलं असतं तर ती चार शिव्या देऊन मोकळी झाली असती. याने तिच्या घरचं खाऊन तिच्याच हाताने शेजाऱ्यांचा गळा कापला होता.

सोमवारी ती नगरपालिकेच्या परवाना कचेरीत गेली. तिथली बाई भली होती. तिने फाइल पाहून सांगितलं, संमती तर नोंदलेली आहे. फसवणूक झाली असं म्हणणं असेल तर रहिवाशांनी लेखी तक्रार द्यावी, सह्यांसकट. मग या कंपनीला पुन्हा परवाना द्यायचा की नाही ते बघता येईल.

रेल्डीने घरी बसून तक्रार लिहिली. सगळं लिहिलं, स्वतःची चूकही, आणि सह्यांची जागा त्याच पानावर ठेवली. मग पहिल्यांदा गेली ती गनीफ बूटाकडे, दुपारच्या नमाजानंतर. त्याने तिला आत बसवलं, चहा दिला, गुडघ्यांची चौकशी केली. लतीफाच्या खुर्चीवर तिची शाल तशीच होती. रेल्डीने कागद पुढे केला आणि सवयीने सहीच्या जागेवर बोट ठेवलं.

बूटाने ते बोट हळूच बाजूला केलं. उठून कपाटातून सुई ओवायचा जाड चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. एकेका शब्दावर नख टेकवत. पान संपलं तेव्हा त्याने ते उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"खरं लिहिलंयस," तो म्हणाला.

"मग करता सही?"

"ठेवून जा, रेल्डी. रविवारी मुलगा येईल. त्याच्याकडून एकदा वाचून घेतो."

ती बाहेर आली. अजून अठरा दारं होती, आणि पुढच्याच दारात नर्स चष्मा लावून उभी होती.