आधी गाव

काशीत पंचगंगा घाटावर आमच्या घरी यात्रेकरू आला की वडील आधी नाव विचारत नाहीत, गाव विचारतात. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचं पौरोहित्य, त्यामुळे गावागावाच्या वह्या आहेत. गाव कळलं की चार पानं उलटून ते माणसाला त्याच्या पणजोबाची सही दाखवतात. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या याद्या करायला शिकले आणि या वह्यांना मनातल्या मनात हसत राहिले. चार बुकं शिकल्यावर होतं असं.

रामनगरहून आमच्या गल्लीत भाजी घेऊन येणाऱ्या बाईचा नवरा दगडाच्या खाणीत कडा कोसळून गेला. सरकारी अहवालात कारण लिहिलं होतं, ‘मजुराचा निष्काळजीपणा’. पाटी खाली ठेवून ती मला म्हणाली, “दीदी, हमार आदमी लापरवाह ना रहलन. उहाँ पहिलहूँ पहाड़ी गिरल रहे.” कडा आधीही कोसळला होता, हे कागदावर सापडलं असतं तर तिला फेरचौकशी मागता आली असती. मेलेल्या माणसाच्या माथी मारलेला दोष तिला पुसायचा होता.

मी खाण सुरक्षेच्या कार्यालयात गेले. साहेब म्हणाले, “मैडम, सब पब्लिक है. वेबसाइट पर पड़ा है.” पडलंच होतं! स्कॅन केलेल्या पानांचा नुसता ढीग, काही तिरकी, काही उलटी. शोधायला कुठलाही शब्द टाका, उत्तर एकच, काही सापडलं नाही. हे लोकांपुढे ठेवणं नव्हे, डोळ्यांत धूळफेक आहे.

मी हट्टाला पेटले. रजा काढून एकेक अहवाल स्वतः टाइप केला आणि शिकवल्याप्रमाणे कंपनीच्या नावानं यादी लावली. तिच्या नवऱ्याच्या कंपनीखाली एकच अपघात निघाला, त्याचाच. तिला सांगितलं, आधीचं काही नाही. ती पाटी उचलून निघून गेली. मला फार वाईट वाटलं.

जेवताना वडिलांना सांगितलं, तर ते चक्क हसले. “अगं, कंपनीचं काय, आज एक नाव, उद्या दुसरं. डोंगर कुठे पळून जाणार? गाव लाव की आधी!”

हात धुतले आणि गाव लावलं. एकाच गावचा एकच डोंगर, तीन कंपन्या, तीनदा कोसळलेला कडा. आणि तिन्ही अहवालांत शब्दाला शब्द तेच, ‘मजुराचा निष्काळजीपणा’. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती यादी मी कुणालाही गावावरून शोधता येईल अशी इंटरनेटवर टाकली. साहेबांचा फोन आला, “किसकी परमिशन से?”

“पब्लिक है, आप ही ने तो कहा था,” मी म्हणाले. यादी आजही तिथेच आहे. काढून दाखवा म्हणावं.

फेरचौकशीच्या अर्जाला जोडायचे तिन्ही कागद मी तिला वाचून दाखवले. नवऱ्याच्या नावावर तिनं बोट ठेवलं. मग बोट बाकीच्या दोन कागदांवरच्या, आधी मेलेल्या मजुरांच्या नावांवर सरकलं.

“इनकर मेहरारू लोगन के केहू बतवलस?” तिनं विचारलं. यांच्या बायकांना कुणी सांगितलं का?

मी नकारार्थी मान हलवली. कोण सांगणार?

तिनं कागदांची घडी करून पदराला बांधली आणि म्हणाली, “त चला.”

रविवारी आम्ही दोघी निघालो. कागदांवरच्या पत्त्यात गाव होतंच.